जमीन फुगली आणि गाव तडकलं: श्टाउफेनचं प्रकरण

जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात, फ्रायबुर्गच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर श्टाउफेन इम ब्राइसगाऊ हे गाव आहे. लोकवस्ती आठ हजारांच्या आसपास. 2007 च्या सप्टेंबरात इथल्या नगरपालिकेनं आपल्या जुन्या इमारतीच्या मागे सात बोअर मारले. पाणी काढण्यासाठी नव्हे, जमिनीतली ऊब घेऊन इमारत गरम ठेवण्यासाठी. वर्ष सरता सरता भिंतींवर बारीक तडे दिसायला लागले. पुढच्या काही वर्षांत तडे गेलेल्या घरांची संख्या 270 च्या घरात पोचली आणि गावाच्या मध्यभागाखालची जमीन साठ सेंटिमीटरहून जास्त वर उचलली गेली. नुकसानीचा अंदाज पाच कोटी युरोंच्या वर गेला.

हे प्रकरण भूऔष्णिक ऊर्जेविरुद्धचा पुरावा म्हणून वारंवार पुढे केलं जातं. मला ते पटत नाही. श्टाउफेनमध्ये चुकलं ते बोअरभोवतीच्या काही सेंटिमीटर जाडीच्या सिमेंटच्या भरावात, आणि त्याहीपेक्षा, एका क्षेत्रातल्या लोकांना पक्कं ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्या क्षेत्रातल्या लोकांच्या कामात उतरली नाही यात. नंतर गाव सावरलं, त्याची कारणंही तितकीच ठोस आहेत.

गाव

श्टाउफेनचा पहिला लेखी उल्लेख इसवी सन 770 मधला. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगररांगा संपून ऱ्हाइनचं सपाट खोरं सुरू होतं, नेमक्या त्या सांध्यावर ते वसलं आहे. नॉयमागेन नावाची छोटी नदी म्युन्स्टरटालच्या दरीतून उतरते आणि गावाजवळून पुढे जाते. त्या दरीत मध्ययुगात चांदीच्या खाणी होत्या, आणि गावाला जी काही श्रीमंती आली ती मुख्यतः त्या चांदीमुळे. गावाच्या डोक्यावर एक सुटी टेकडी आहे, उतारभर द्राक्षाचे मळे आणि माथ्यावर किल्ल्याचे अवशेष. हा किल्ला श्टाउफेनच्या सरदार घराण्याचा. घराण्याचा वंश 1602 मध्ये खुंटला, आणि तीस वर्षांच्या युद्धात, 1632 मध्ये, स्वीडिश सैन्यानं किल्ला जाळला. पुढे दोनेक शतकं गाव ऑस्ट्रियाच्या अमलाखाली राहिलं. नेपोलियनच्या काळात ते बाडेन या जर्मन संस्थानाकडे आलं.

1848 च्या क्रांतीतही श्टाउफेनचं नाव आहे. क्रांतिकारक गुस्ताव श्ट्रूवं यानं सप्टेंबरात ल्योराखमध्ये जर्मन प्रजासत्ताकाची घोषणा केली. त्यानंतर तीनच दिवसांनी, 24 सप्टेंबरला, त्याच्या तुकडीचा श्टाउफेनच्या गल्ल्यांमध्ये पराभव झाला.

पण जर्मनीत हे गाव ओळखलं जातं ते फाउस्टमुळे. गटेच्या नाटकामुळे जगभर पोचलेल्या त्या डॉक्टर फाउस्टचा मृत्यू इथेच झाला, अशी परंपरा आहे. सोळाव्या शतकातल्या त्सिमर्न घराण्याच्या बखरीत त्याचा शेवट श्टाउफेनमध्ये किंवा आसपास झाल्याचं नोंदलं आहे. कर्जात बुडालेल्या इथल्या सरदारानं सोनं बनवून घेण्यासाठी त्याला बोलावलं होतं, असं गावात सांगतात. बाजारचौकाजवळच्या त्सुम ल्योवेन या खाणावळीच्या भिंतीवर 1539 हे साल घालून ती सगळी हकीकत रंगवलेली आहे: सैतानाशी केलेला चोवीस वर्षांचा करार संपला आणि सैतानानं त्याची मान मोडली. तडे पडायला लागल्यावर वार्ताहरांना ही गोष्ट आयतीच सापडली. जमिनीच्या पोटातल्या शक्तीशी केलेला सौदा वगैरे मथळे बरेच झाले. त्या मथळ्यांनी गावाचं फार भलं केलं असं मला वाटत नाही. खडक, पाणी आणि सिमेंट यांचा हा मामला होता, आणि तो समजून घ्यायला सैतानाची गरज नाही.

काम काय होतं

श्टाउफेनची नगरपालिकेची इमारत, म्हणजे राटहाउस, 1546 ची. फरसबंद चौक, मधोमध कारंजं, समोर रंगीत दर्शनी भिंतींची एकमेकांना चिकटलेली घरं. गावाच्या कुठल्याही चित्रात हाच कोपरा दिसतो. या इमारतीची मोठी दुरुस्ती झाली आणि त्याच वेळी तेल किंवा गॅस न जाळता ती गरम ठेवायची असं ठरलं. हेतू स्वच्छ होता.

यामागचं तंत्र साधं आहे. जमिनीत थोडं खोल गेलं की तापमान वर्षभर जवळपास सारखंच राहतं. बोअरमध्ये इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या प्लास्टिकच्या नळ्या सोडतात आणि त्यांतून द्रव फिरवत ठेवतात. तो जमिनीतली ऊब घेऊन वर येतो, हीट पंप ती ऊब आणखी वाढवून इमारतीला देतो. जमिनीतून पाणी उपसायचं नसतं, की खडकात काही सोडायचं नसतं. जर्मनीत अशा हजारो बोअर विनातक्रार चालू आहेत.

यात एकच जागा नाजूक असते. बोअरचा व्यास नळ्यांपेक्षा मोठा असतो, त्यामुळे नळ्या आणि खडक यांच्यामध्ये पोकळी उरते. ती सिमेंट आणि बेंटोनाइट नावाची चिकणमाती यांच्या मिश्रणानं, म्हणजे ग्राउटनं, तळापासून तोंडापर्यंत सलग भरावी लागते. कुठे खंड पडला, पोकळी राहिली, मिश्रण खडकाच्या फटीत निघून गेलं किंवा वाहत्या पाण्यानं धुपलं, तर बोअर दोन थरांमधला उघडा जिना होतो. खालचं पाणी वर चढू शकतं, वरचं खाली उतरू शकतं. ही पोकळी वरून दिसत नाही, आणि ग्राउट किती आत गेलं याचा हिशेब नीट ठेवला नाही तर ती राहून गेल्याचं कुणाला कळतही नाही.

श्टाउफेनमध्ये सातही बोअर प्रत्येकी सुमारे 140 मीटर खोल होते.

खाली काय होतं

ब्लॅक फॉरेस्टचा डोंगर आणि ऱ्हाइनचं खचलेलं खोरं यांच्या सांध्यावर खडकाचे थर सरळ पसरलेले नाहीत. मोठमोठ्या भ्रंशांनी ते तुकड्या-तुकड्यांत तुटले आहेत आणि प्रत्येक तुकडा आपापल्या उंचीवर, आपापल्या कलानं बसला आहे. शंभर मीटर अंतरावर खाली वेगळाच थर लागू शकतो. शेजारच्या बोअरचा अनुभव इथे फार उपयोगी पडत नाही.

राटहाउसच्या खाली गिप्सकॉइपर नावाचा थर होता. त्याच्या वरच्या भागात जिप्सम असतं आणि खोलवर अॅनहायड्राइट. रासायनिकदृष्ट्या दोन्ही कॅल्शियम सल्फेटच. जिप्सममध्ये पाणी बांधलेलं असतं, अॅनहायड्राइट कोरडं असतं. या कोरड्या खनिजाला पाणी मिळालं की त्याचं हळूहळू जिप्सम होतं आणि आकारमान साठ टक्क्यांच्या आसपास वाढतं. एक टन अॅनहायड्राइट पूर्ण पालटायला साधारण 265 किलो पाणी पुरतं. भिजत घातलेले हरभरे भांड्याचं झाकण उचलतात, तसा हा थर आपल्या डोक्यावरचा साठ-सत्तर मीटर खडक आणि त्यावरचं अख्खं गाव उचलू शकतो.

लाखो वर्षं तो थर कोरडा राहिला, कारण खालच्या जलधर थरातलं पाणी त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. ते पाणी मात्र दाबाखाली होतं. वाट मिळाली की आपोआप वर चढणारं, ज्याला भूगोलाच्या पुस्तकात आर्टेशियन म्हणतात ते. बोअरनी दोन्ही थर एकाच छिद्रानं जोडले. भराव जिथे अपुरा होता तिथून पाणी वर चढलं, अॅनहायड्राइटमध्ये शिरलं, आणि फुगणं सुरू झालं. फुगताना खडकात नव्या फटी पडतात, त्या फटींतून पाणी आणखी पसरतं आणि पुढचा खडक फुगतो. एकदा सुरू झालेली ही क्रिया छिद्र बुजवलं म्हणून लगेच थांबत नाही, कारण आत शिरलेलं पाणी आतच असतं.

या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे: यातलं काहीही नवं नव्हतं. बोगदे खणणाऱ्या अभियंत्यांना गिप्सकॉइपर अनेक दशकं ठाऊक होता. त्याच बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याच्या राजधानीत, श्टुटगार्टमध्ये, वागेनबुर्ग बोगद्याचा तळ याच फुगणाऱ्या खडकानं वर उचलला होता आणि त्यावर ढिगानं लिखाण झालं होतं. बोगदेवाल्यांच्या जगात अॅनहायड्राइट दिसलं की पाणी एक थेंबही आत जाऊ द्यायचं नाही, हा पहिला नियम. घराला ऊब पुरवणाऱ्या उथळ बोअरचा धंदा मात्र नवा, झपाट्यानं वाढणारा होता, आणि त्याच्या रोजच्या कामाच्या पद्धतीत हा नियम रुजलेला नव्हता. ज्ञान राज्यातच होतं, ते बोअरच्या यंत्राशेजारी उभ्या माणसाच्या हातात नव्हतं.

तडे

नुकतीच दुरुस्त झालेली राटहाउसची इमारतच आधी तडकली. मग मागची आणि बाजूची घरं, मग चर्च, शाळेपर्यंतचा भाग. अख्खं गाव एकसारखं साठ सेंटिमीटर वर गेलं असतं तर एकाही भिंतीला भेग पडली नसती. इथे बोअरच्या जवळ जमीन सर्वांत जास्त उचलली जात होती आणि दोन-तीनशे मीटर दूर काहीच हालचाल नव्हती. शिवाय जमीन आडवीही सरकत होती, काही ठिकाणी चाळीसेक सेंटिमीटर. जुन्या गावात घरं एकमेकांना सामाईक भिंतींनी जोडलेली. एकाचा पाया वर आणि बाहेर सरकला की शेजारचं घर ओढलं जातं. दारं चौकटीत अडकायला लागतात, खिडक्यांच्या काचा ताणानं फुटतात, जिन्याच्या पायऱ्या भिंतीपासून सुटतात, गिलाव्यातली केसाएवढी भेग वाढत जाऊन तिच्यात बोट जाईल इतकी होते. जमिनीखालच्या पाण्याच्या आणि गॅसच्या वाहिन्याही त्याच ताणाखाली येतात, त्यामुळे प्रश्न नुसत्या देखणेपणाचा राहत नाही.

अशा ठिकाणी भेगेवर एक छोटी पारदर्शक मोजपट्टी बसवतात. तिचे दोन भाग असतात: एक भेगेच्या एका काठाला चिकटवलेला, दुसरा दुसऱ्या काठाला, वर मिलिमीटरची चौकट आणि काट्याची खूण. भेग वाढली की खूण चौकटीवर सरकते, आणि किती सरकली ते तारीख घालून टिपून ठेवता येतं. घरात राहणाऱ्याच्या दृष्टीनं ही पट्टी भिंतीवरच्या दिनदर्शिकेसारखी रोजच्या नजरेखालची गोष्ट होऊन बसते. स्वयंपाकघरात ती दिसत राहते, आणि माणूस रात्री झोपताना तिच्याकडे एकदा बघतोच. जिथे जमीन सर्वांत जोरात उचलली जात होती, तिथे तो वेग 2009-10 च्या सुमारास महिन्याला 11 मिलिमीटरपर्यंत गेला होता. म्हणजे वर्षाला तेराएक सेंटिमीटर, अर्ध्या वितेहून जास्त.

गावानं तडे लपवले नाहीत. 'श्टाउफेन तुटता कामा नये' अशा अर्थाची घोषणा गावकऱ्यांनी ठरवली आणि जखमेवर लावतात तशा मोठमोठ्या चिकटपट्ट्या इमारतींच्या भेगांवर लावल्या. पर्यटनावर जगणाऱ्या गावानं असं करणं सोपं नाही. ऑगस्टमध्ये इथे मार्कग्राफलर या इथल्या भागातल्या वाईनचा मोठा उत्सव भरतो, फाउस्टची खाणावळ बघायला लोक येतात, कवी पेटर हुखेल इथे राहिला आणि 1981 मध्ये इथेच वारला म्हणून त्याच्या नावाचा कवितेचा पुरस्कार इथे दिला जातो. चेहरा सुंदर ठेवण्यातच ज्या गावाची कमाई आहे, त्यानं आपल्या भेगांकडे बोट दाखवलं. महापौर मिखाएल बेनित्स यांच्या नगरपालिकेचा हा पवित्रा मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. त्यामुळे राज्य सरकारला प्रश्न नजरेआड करता आला नाही.

निदान आणि उपाय

पहिले दीड-दोन वर्षं तर्कवितर्कांतच गेली. फुगणारा खडक हे कारण असावं असा संशय होता, पण नेमकं कुठे, किती खोल, पाणी कुठून येतं, हे ठरवल्याशिवाय उपाय करणं म्हणजे आणखी एक छिद्र पाडून आणखी पाणी आत सोडण्याचा धोका होता. राज्याच्या भूविज्ञान, कच्चा माल आणि खाणकाम खात्यानं तपास हाती घेतला. मुद्दाम तपासणीचे बोअर घेतले गेले, गाभ्याचे नमुने काढले गेले. जमिनीच्या हालचालीची मोजणी नेहमीच्या सर्वेक्षणानं आणि उपग्रहाच्या रडारनं केली गेली. मार्च 2010 मध्ये खात्याचा सविस्तर अहवाल आला आणि नंतर 2012 मध्ये दुसरा. फुगणारा पट्टा साधारण साठ ते शंभर मीटर खोलीत आहे आणि बोअरभोवतीचा भराव पाणी अडवायला पुरेसा नव्हता, हे त्यातून स्पष्ट झालं.

उपाय दोन झाले. 2009 च्या अखेरीस जुने सातही बोअर दाबानं ग्राउट घालून पुन्हा बुजवायचा प्रयत्न झाला. आधीच नळ्या आणि अर्धवट सिमेंट असलेल्या, तिरक्या गेलेल्या छिद्रात मागाहून ग्राउट घालणं किती अवघड असतं, हे त्या कामातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून जोडीला दुसरा, जास्त भरवशाचा मार्ग घेतला: तपासणीच्या बोअरची विहीर करून अॅनहायड्राइटच्या खालच्या थरातलं पाणी अखंड उपसायचं, जेणेकरून त्याचा दाब कमी होईल आणि ते वर चढणारच नाही. पुढे दुसरी विहीरही जोडली गेली.

याचा परिणाम झाला. महिन्याला 11 मिलिमीटरचा वेग काही वर्षांत दोन-तीन मिलिमीटरवर आणि मग त्याच्याही खाली आला. शून्य मात्र झाला नाही. आत गेलेलं पाणी आपलं काम संपवेपर्यंत थोडीफार हालचाल राहणार, आणि पंप बंद केले तर दाब पुन्हा वाढणार. त्यामुळे उपसा हा गावाच्या कायमच्या खर्चात बसला आहे.

मागच्या बाजूची मोजकी बांधकामं दुरुस्तीपलीकडे गेली आणि पाडावी लागली. बाकीच्या घरांच्या बाबतीत एक कठीण निर्णय होता: दुरुस्ती आत्ता करायची की जमीन शांत झाल्यावर? आत्ता केली तर पुन्हा तडकणार. थांबलं तर लोक किती वर्षं तशाच घरात राहणार? म्हणून आधी इमारतीला धोका नाही एवढी बळकटी द्यायची आणि अंतिम दुरुस्ती वेग कमी झाल्यावर करायची, असं साधारण धोरण राहिलं. व्यवहारात हे बरोबरच होतं, पण ज्याच्या बैठकीच्या खोलीत ती भेग आहे त्याला ते ऐकवणं सोपं नव्हतं. तडेग्रस्त घरमालकांनी आपली संघटना उभी केली ती याच ताणातून.

पैसे

बोअरचं काम नगरपालिकेनंच दिलं होतं. म्हणजे नुकसान झालेल्याच्या समोर नगरपालिका आणि नगरपालिकेच्या समोर काम करणारे, अशी साखळी होती. या साखळीत कोणाचा किती दोष, हे कोर्टात ठरायला वर्षानुवर्षं लागतात. श्टाउफेननं दोष ठरायची वाट न बघता भरपाई सुरू केली. घरमालकांसाठी तडजोडीची यंत्रणा नेमली, तज्ज्ञांकडून प्रत्येक घराचं नुकसान ठरवलं, आणि त्याप्रमाणे दुरुस्तीचा खर्च दिला. जबाबदारीचा वाद आपल्या वेगानं वेगळा चालत राहिला.

आठ हजार वस्तीच्या गावाला हे एकट्यानं झेपणारं नव्हतंच. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यानं आणि राज्यातल्या पालिकांच्या सामायिक निधीनं मोठा वाटा उचलला, उरलेला गावानं. दुसऱ्या शेकडो पालिकांच्या पैशातून एका गावाची घरं दुरुस्त होणं ही काही आपोआप घडणारी गोष्ट नाही. तिथे मोजणीचा उपयोग झाला. महिन्या-महिन्याचे आकडे, नकाशे, खात्याचे अहवाल समोर असल्यावर 'खरंच इतकं झालंय का' हा प्रश्नच उरत नाही.

नंतरचे नियम, आणि ब्योब्लिंगेन

राज्यानं 2011 मध्ये अशा बोअरसाठी गुणवत्तेची नवी नियमावली आणली. जिप्सम किंवा अॅनहायड्राइटचा पहिला मागमूस लागला की बोअर तिथेच थांबवायचा. ग्राउट किती घातलं, किती दाबानं, किती घनतेचं, याची नोंद ठेवायची. आणि दोष सिद्ध होण्याची वाट न बघता नुकसान भरून देणारा विमा काम करणाऱ्यानं काढलेला असायचा. श्टाउफेननं स्वतःच्या हिमतीवर जे केलं, ते या शेवटच्या कलमानं पुढच्यांसाठी बंधनकारक झालं.

पण नियम मागे जाऊन जुने बोअर बुजवत नाहीत. श्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेनमध्ये घरगुती बोअर जवळपास श्टाउफेनच्याच काळात मारले गेले होते. तिथे जमीन उचलली जातेय हे बऱ्याच उशिरा ध्यानात आलं. खडक तोच, क्रिया तीच, आणि तडकलेल्या घरांची संख्या शेकड्यात. फरक एवढाच की तिथे काम पालिकेनं दिलेलं नव्हतं. खासगी घरमालकानं स्वतःच्या घरासाठी घेतलेल्या बोअरनं आख्खी गल्ली हलवली, आणि शेजाऱ्यांना भरपाई कोण देणार हा प्रश्न विमा कंपन्यांच्या टेबलावर जाऊन अडकला. श्टाउफेनला सरकारी इमारत तडकल्यामुळे एक तक्रार ऐकणारी खिडकी तरी पहिल्या दिवसापासून होती. ब्योब्लिंगेनच्या लोकांना ती खिडकी स्वतः उभी करावी लागली, आणि त्यात त्यांची काही वर्षं गेली.